ग्रंथ लावणे

मराठीत ‘पुस्तक वाचणे’ आणि ‘ग्रंथ लावणे’ असे दोन निराळे वाक्प्रयोग आहेत. त्यांतला पहिला आज बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत सर्वांच्या तोंडी असला, तरी दुसरा जुन्या पाठशाळांबरोबर मागे पडला, आणि त्या शब्दाबरोबर वाचनाची एक संपूर्ण रीतच आपल्या शाळांतून निघून गेली, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. वाईला कृष्णेच्या काठी नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेत विद्यार्थी गुरूंपुढे बसत, तेव्हा ते ग्रंथ ‘वाचत’ नसत, ‘लावत’ असत. एकेका पंक्तीपाशी थांबावे, पदे सोडवावीत, शंका काढावी, ती फेडावी, आणि मगच पुढच्या पंक्तीला हात घालावा, असा तेथला शिरस्ता होता. खानदेशातल्या पिंपळनेरहून कुमारवयात तेथे आलेले लक्ष्मणशास्त्री जोशी याच रीतीने घडले, गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन आलेल्या विनोबांनी याच पाठशाळेत उपनिषदांचे अध्ययन केले, आणि ज्या वाईत ही रीत नांदली त्याच वाईत पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहून १९७६ साली त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला.

हे सारे आठवण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील कित्येक शाळांतून आता सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ‘प्रगत वाचनवर्ग’ असावा, अशी इच्छा शिक्षक आणि पालक बोलून दाखवतात. अक्षरओळख झाली, जोडाक्षरे साधली, पाठ्यपुस्तकातील धडा न अडखळता वाचता येऊ लागला, आता पुढे काय, हा प्रश्न अकरा ते चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत खरोखरच उभा राहतो. या वयापर्यंत मूल वाचायला शिकत असते आणि येथून पुढे त्याला वाचून शिकायचे असते. विज्ञान, इतिहास, भूगोल यांची पुस्तके अकस्मात दाट होतात, वाक्ये लांबतात, परिभाषा वाढते, आणि चौथीत खणखणीत आवाजात वाचणारा मुलगा सातवीत ‘धडा वाचला, पण कळला नाही’ असे सांगू लागतो. त्याची वाचा अडलेली नसते, अर्थ लावण्याची कला त्याला कोणी दाखवलेली नसते. प्रगत वर्गाची आखणी करावयाची ती या कलेसाठी.

असा वर्ग मी स्वतः प्रथम आखला, तेव्हा माझी कल्पना वेगळी होती. प्रगत म्हणजे अधिक, आणि अधिक म्हणजे जाड, असे समीकरण मनात धरून मी वर्षभरासाठी वीस पुस्तकांची यादी केली, प्रत्येक पुस्तकाला पंधरा दिवसांची मुदत घातली, आणि पुस्तक संपले की लेखकाचे नाव, पात्रांची नावे, कथासार व आवडलेला प्रसंग अशा चार रकान्यांचा तक्ता भरून द्यावा, अशी व्यवस्था केली. मुलांनी तक्ते भरले. मार्चअखेर एका हुशार मुलीने वीसपैकी एकोणीस पुस्तके संपवली होती. तिला मी त्यांतल्या एका कथेतील आजोबांविषयी विचारले, की ते शेवटी गप्प का बसले, तेव्हा तिने अत्यंत प्रामाणिकपणे उत्तर दिले, “सर, ते तक्त्यात नव्हतं.” त्या उत्तराने माझा सगळा आराखडा रद्दबातल ठरवला. दोष तिचा नव्हता. मी पाने मोजण्याची तजवीज केली होती, आणि पाने मोजून मिळाली होती.

त्यानंतर जुन्या शास्त्रकारांनी व्याख्यानाची जी पाच लक्षणे सांगितली आहेत, त्यांच्याकडे मी वळलो. पदच्छेद, पदार्थोक्ती, विग्रह, वाक्ययोजना आणि आक्षेपांचे समाधान ही ती पाच. म्हणजे पदे वेगळी करणे, प्रत्येक पदाचा अर्थ सांगणे, समास सोडवणे, पदांचा परस्परसंबंध जुळवून वाक्य उभे करणे, आणि शेवटी त्यावर ज्या हरकती येतील त्यांना उत्तर देणे. ही योजना संस्कृत ग्रंथांसाठी सिद्ध झाली असली, तरी सातवीतल्या मराठी वर्गात ती किती सहज चालते याचा अनुभव एका वाक्यावरून सांगतो. वर्गासाठी म्हणून मीच ते लिहून फळ्यावर मांडले होते:

मृगाने पाठ फिरवली, तेव्हा म्हाताऱ्याने वाड्यावरच्या मेंढ्या एकदा मोजल्या, आणि दिवेलागणीला पुन्हा मोजल्या.

वाक्य साधे आहे, एकही शब्द अनोळखी नाही, आणि वर्गातील सोळाही मुलांनी ते न अडखळता वाचले. ‘कळले का?’ या प्रश्नाला सर्वांनी होकार दिला. मग आम्ही ते लावायला बसलो. ‘मृग’ म्हणजे काय, असे विचारताच चार मुलांनी ‘हरीण’ म्हटले, कारण शब्दार्थांच्या यादीत त्यांनी तेवढेच पाठ केले होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात लागणारे, पेरणीची वर्दी देणारे मृग नक्षत्र ज्यांच्या घरी दरवर्षी बोलण्यात येते, त्या मुलांनाही पुस्तकातला मृग आणि घरचा मिरीग एकच, हे क्षणभर सुचले नाही. ‘पाठ फिरवली’ याचा अर्थ कळायला नक्षत्राला माणसासारखी पाठ आहे असे कल्पावे लागते, आणि मग पाऊस पडला नाही ही गोष्ट, जी वाक्यात कोठेही लिहिलेली नाही, ती पुढे येते. ‘वाडा’ म्हणताच शहरातून आलेल्या एका मुलाच्या डोळ्यांपुढे चौक आणि दिंडीदरवाजा उभा राहिला होता. मेंढरे बसवतात त्या जागेलाही वाडा म्हणतात, हे त्याला शेजारी बसलेल्या मुलीने सांगितले. ‘दिवेलागण’ या समासाचा विग्रह करताना संध्याकाळ आणि दिवेलागण यांत अंतर किती, यावर बराच काथ्याकूट झाला. एवढे झाल्यावर वाक्य पुन्हा एकदा मोठ्याने वाचले, तेव्हा वर्गातला आवाज बदललेला होता.

खरी गंमत आक्षेपाच्या पायरीवर आली. म्हाताऱ्याने दोनदा का मोजल्या? “पहिल्यांदा चुकलं आसंल,” असे एकजण म्हणाला. दुसऱ्याच्या मते दुष्काळात विकायच्या किती आणि राखायच्या किती, याचा हिशेब तो घालत होता. जिच्या घरी मेंढरे आहेत ती मुलगी बराच वेळ गप्प होती, आणि मग हळूच म्हणाली, “पाऊस न्हाई आला की वाडा हलवायला लागतो, सर. निघायच्या आधल्या रातीला मोजत्यात.” तिन्ही उत्तरे मी फळ्यावर लिहिली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न केला: हे वाक्यात कोठे आहे? या प्रश्नाने मुलांना तीन कप्पे करायला शिकवले. जे शब्दांत लिहिले आहे ते उक्त, जे शब्दांवरून निघते ते सूचित, आणि जे आपण आपल्या माहितीवरून आत घातले ते पदरचे. पदरचे घालणे हा गुन्हा नव्हे, त्याशिवाय कोणतेही वाचन पुरे होत नाही. पण पदरचे कोणते आणि लेखकाचे कोणते याची खातरजमा ज्याला करता येत नाही, तो कितीही भराभर वाचत असला तरी त्याचे वाचन प्रगत म्हणता येत नाही. या एका वाक्याला आम्हांला चाळीस मिनिटे लागली.

या रीतीला पाश्चात्त्य संशोधनाचा आधारही आहे. ॲनमेरी पॅलिंकसार आणि ॲन ब्राउन या अमेरिकन संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकी सातवीचीच मुले घेतली होती, ज्यांना अक्षरे नीट वाचता येत पण मजकूर समजत नसे. त्यांना चार कामे शिकवली: परिच्छेदाचे सार सांगणे, त्यावर प्रश्न काढणे, अडलेली जागा उलगडणे, आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधणे. प्रारंभी शिक्षक ही कामे करून दाखवी, मग पाळीपाळीने प्रत्येक मूल शिक्षकाच्या जागी बसून बाकीच्यांना प्रश्न विचारी, आणि शिक्षक हळूहळू मागे सरे. या मुलांचे आकलन लक्षात येण्याजोगे सुधारले. आपल्या पाच लक्षणांशी या चार कामांचे नाते दूरचे नाही. पण त्यांतील पाळीची कल्पना मला विशेष मोलाची वाटते, कारण आपल्या वर्गातून शंका काढण्याचा अधिकार अजूनही बहुधा एकट्या गुरुजींकडे असतो, आणि ज्याला कधी प्रश्न विचारावा लागला नाही त्याला उत्तराची किंमत कळत नाही.

आता कोणता मजकूर निवडावा, हा आखणीतला सर्वांत विचाराचा भाग. येथेही एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे एक वर्णन वाचायला दिले, आणि मग लाकडी पटावर मांडलेल्या खेळाडूंच्या प्रतिकृती हलवून तो सामना पुन्हा घडवून दाखवण्यास सांगितले. ज्यांचे वाचन एरवी कच्चे होते पण ज्यांना तो खेळ ठाऊक होता, ती मुले वाचनात तरबेज पण खेळाविषयी अनभिज्ञ अशा मुलांपेक्षा पुष्कळ पुढे गेली. म्हणजे आकलन हे डोळ्यांत किंवा जिभेवर नसून बऱ्याच अंशी आधीच्या जाणतेपणात असते. बेसबॉलच्या जागी कुस्ती घातली की हा निष्कर्ष कुंडलच्या मैदानाशेजारी राहणाऱ्या कोणालाही पटेल. घिस्सा, मोळी, धोबीपछाड हे शब्द ज्या मुलाने आजोबांच्या तोंडून ऐकले आहेत, त्याच्यापुढे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक कसे जिंकले याचा वृत्तांत ठेवावा, आणि वर्गात नेहमी मागे बसणारा तो मुलगा पाळीने शिक्षकाच्या जागी कसा बसतो ते पाहावे.

हळदीचेही तसेच. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर वसलेल्या हरिपूरच्या जमिनीत हळद साठवण्याची खोल पेवे असत. तोंड निमुळते, पोट मोठे, आणि माल भरल्यावर तोंड मातीने बंद. शहरातले मूल ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार परीक्षेसाठी पाठ करते आणि ‘एकदम वाढ होणे’ असा अर्थ लिहून मोकळे होते. हरिपूरच्या मुलाला पेव माहीत असते, पण हा वाक्प्रचार त्यातूनच निघाला हे कोणी त्याला सांगितलेले नसते. दोघांनाही शेजारी बसवून मोल्सवर्थचा कोश उघडावा. १८५७ साली निघालेली त्याची दुसरी आवृत्ती आजही छापून मिळते, आणि तिच्यातील अर्थ इंग्रजीत असल्याने एका शब्दासाठी दोन भाषांचे वाचन घडते. कोश हा अडल्यावर धावत जाण्याचा दवाखाना आहे, अशी मुलांची समजूत असते. तो मोकळ्या वेळी हिंडण्याचा बाजार आहे, हे त्यांना एकदा कळले की पुढची निम्मी चिंता मिटते.

यावरून वर्गात कोणाला घ्यावे, या प्रश्नाचेही उत्तर मिळते. ‘प्रगत’ हा शब्द आला की शिष्यवृत्ती परीक्षेच्या गुणांची फेरिस्त पुढे येते आणि वरची पंधरा नावे निवडली जातात. मला हे मान्य नाही. वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांना शाळा जवळजवळ लाभलीच नाही, आणि तरीही १९५९ साली ‘फकिरा’ लिहिणारा लेखक त्याच मुलात होता. आटपाडीला जन्मलेल्या शंकरराव खरातांचे शिक्षण कोणत्या अडचणींतून झाले, हे त्यांच्या ‘तराळ-अंतराळ’मध्ये वाचायला मिळते. गुणपत्रक हा एका प्रकारच्या वाचनाचा दाखला असतो, वाचकाचा नव्हे. माझा शिरस्ता असा, की जूनच्या दुसऱ्या आठवड्यात इच्छुक मुलांना अर्ध्या पानाचा एक मजकूर द्यावा आणि उत्तरे न मागता त्यावरचे प्रश्न मागावेत. ज्याचा प्रश्न खरा असेल, मग त्याचे शुद्धलेखन कसेही असो, त्याला वर्गात जागा असावी. संख्या मात्र सोळाच्या वर जाऊ देऊ नये, कारण रिंगण करून बसल्यावर प्रत्येकाला दुसऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे.

घरच्या बोलीविषयी येथेच सांगितले पाहिजे. ज्या मुलीने मेंढ्या मोजण्याचे खरे कारण सांगितले, तिला ते सांगायला वेळ लागला, कारण आपले ‘मोजत्यात’ वर्गात चालेल की नाही याची तिला धास्ती होती. फलटणला अमेरिकेतून आलेल्या आणि पुढे भारतीय नागरिक झालेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या लोकांच्या बोलण्यावरच आपला भाषाशास्त्राचा प्रबंध लिहिला, आणि नंतर प्रगत शिक्षण संस्था व कमला निंबकर बालभवन यांच्या द्वारा मुलांना वाचायला कसे शिकवावे याचे काम त्याच गावात उभे केले. भाषेचा असा अभ्यास करणारी व्यक्ती शेवटी प्राथमिक वर्गात येऊन बसते, ही घटना मला फार अर्थपूर्ण वाटते. बोली ही प्रमाणभाषेतील चूक नव्हे, हे भाषाशास्त्र सांगते. तेव्हा वर्गात चर्चा हवी त्या बोलीत व्हावी, टिपण लिहिताना प्रमाण मराठीचा आग्रह असावा, आणि या दोन वाटांतील ये-जा हाच भाषेचा एक मोठा धडा समजावा.

वर्षाची वाटणी मी अशी करतो. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पाऊण तास आणि बुधवारची शेवटची तासिका, एवढीच तरतूद मागावी. घटक चाचण्या, स्नेहसंमेलन, सण आणि अतिवृष्टीच्या सुट्या वजा जाता हाती चाळीस-पंचेचाळीस बैठका उरतात. दिवाळीपर्यंतच्या बैठका छोट्या गद्य उताऱ्यांना द्याव्यात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे, त्याच्या जुन्या अंकांत या वयाला साजेसे उत्तम गद्य विपुल आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधील एखादे व्यक्तिचित्र या टप्प्याच्या शेवटी घ्यावे.

दिवाळीनंतर कागदपत्रांकडे वळावे. या सूचनेला शिक्षकमित्र हरकत घेतात, की हे वाङ्मय नव्हे. पण आमच्या भागातल्या प्रत्येक घरात एक अत्यंत अवघड मजकूर असतो, आणि तो म्हणजे सातबाराचा उतारा. नावगाव झाकलेली एक प्रत वर्गात वाटावी. गाव नमुना सातमध्ये हक्काची नोंद असते आणि बारामध्ये पिकांची, म्हणून दोन्ही मिळून सातबारा, एवढी उकल झाली तरी मुलांचे डोळे विस्फारतात. मग भोगवटादार, पोटखराबा, आकार, फेरफार, इतर अधिकार हे शब्द एकेक करून लावावेत. धारण केलेल्या जमिनीच्या पोटातच असलेला, लागवडीस न येणारा तुकडा म्हणजे पोटखराबा, हा अर्थ निघाल्यावर एका मुलाने विचारले, की मग आमच्या विहिरीभोवतालची जागा कशात धरली असेल. त्याने घरी जाऊन उतारा काढायला लावला आणि दुसऱ्या शनिवारी तो घडी घालून खिशात घेऊन आला. ज्या कागदावर कुटुंबाची उपजीविका उभी असते, तो वाचता येणे याहून प्रगत वाचन कोणते?

त्याच टप्प्यात इतिहासाची दोन साधने शेजारी ठेवावीत. प्रतापगड सातारा जिल्ह्यातच आहे, मुलांनी सहलीला तो पाहिलेला असतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी झालेल्या शिवाजी महाराज आणि अफजलखान यांच्या भेटीत प्रथम घात कोणी केला, यासंबंधी दोन लेखक परस्परविरुद्ध सांगतात. राजाराम महाराजांच्या आज्ञेने जिंजी येथे सतराव्या शतकाच्या अखेरीस बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद खानाने प्रथम वार केला असे म्हणतो. १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्याच्या दरबारी कंपनी सरकारचा प्रतिनिधी असलेला जेम्स ग्रँट डफ १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात उलट सांगतो. दोन्ही वृत्तांतांचे सोपे केलेले उतारे मुलांपुढे ठेवून कोण खरा असे विचारू नये. तो लेखक तेथे होता का, त्याने घटनेनंतर किती वर्षांनी लिहिले, कोणासाठी लिहिले, आणि हे त्याला कोणी सांगितले असेल, हे चार प्रश्न विचारावेत. निकाल देण्याची घाई झाली तर वर्ग सभेसारखा होतो, आणि हे चार प्रश्न टिकले तर तो अभ्यासाचा राहतो.

ग्रँट डफच्या ग्रंथाचे मराठी भाषांतर लवकरच झाले आणि शाळांतून तेच शिकवले जाऊ लागले. छापील आहे, साहेबाचे आहे, आणि सरकारी शाळेत आहे, एवढ्या तीन कारणांसाठी ते कोणी तपासले नाही. १८६७ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या पुण्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने डफच्या त्या ग्रंथावर टीका करणारा निबंध वाचला आणि लेखकाने वापरलेल्या साधनांचीच झडती घेतली. मराठ्यांच्या इतिहाससंशोधनाचा आरंभ पुष्कळ जण या निबंधापासून धरतात. माझ्या दृष्टीने तो एका प्रगत वाचकाचा उदय होता. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनी दप्तराच्या रुमालांत बसले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे भाग एकामागून एक प्रसिद्ध करीत गेले, तेव्हा त्यांनीही दुसरे काय केले? मोडीतले हजारो कागद त्यांनी लावले. सांगली-मिरजेच्या मुलांना हे नाव चौकाच्या पाटीवर नव्हे, वाचनवर्गात भेटले पाहिजे.

जानेवारीपासून एकच कादंबरी घ्यावी आणि ती वर्ष संपेपर्यंत पुरवावी. माझी शिफारस ‘बनगरवाडी’ची आहे. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी औंध संस्थानातील धनगरांच्या वस्तीवर शिकवायला आलेल्या एका तरुण मास्तराची आहे. शाळा भरवण्यासाठी त्याला कारभाऱ्याची मर्जी सांभाळावी लागते, वस्तीवर तालीम उभी राहते, तिच्या उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात, आणि शेवटी दुष्काळ येऊन वस्ती उठते. पाने दीडशेच्या आत, वाक्ये लहान, भाषा निर्मळ, आणि तरी सूचित इतके, की प्रत्येक प्रकरणात पाचही लक्षणे कामाला येतात. माण, खटाव, आटपाडी, जत या भागातल्या मुलाला तर ती आपल्याच घराविषयी आहे असे वाटते, आणि पदरचे कोणते व लेखकाचे कोणते याची खरी कसोटी अशाच पुस्तकात लागते. हिचा इंग्रजी अनुवाद झाला, त्याला अनुवादकाने ‘गावाला भिंती नव्हत्या’ अशा आशयाचे नाव दिले. मूळ नावात नसलेल्या या भिंती अनुवादकाने कोठून आणल्या, हा प्रश्न आठवीतल्या मुलांना आठवडाभर पुरतो.

कादंबरीच्या प्रती मात्र सोळा हव्यात. एका प्रतीवर सोळा जणांना बसवून हे काम होत नाही, आणि प्रत घरी नेण्याची मुभा असावी. आमच्याकडे दुष्काळी भागातून काही घरे जानेवारीनंतर कामासाठी बाहेर पडतात. मूल गेले तरी पुस्तक त्याच्या दप्तरात जावे, परत येईल न येईल याची काळजी करू नये.

ग्रंथालयांचा उपयोग या वर्गाने निराळा करावा. महाबळेश्वर तालुक्यातले भिलार ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावावरून सुचलेली ही कल्पना राज्य मराठी विकास संस्थेने येथे राबवली. पंचवीस ठिकाणी, घरांतून आणि मंदिरांतून, वाङ्मयप्रकारांनुसार पुस्तके मांडली, आणि कोणीही जाऊन ती वाचत बसावे अशी व्यवस्था केली. पुढे कवी सुधांशूंच्या औदुंबरला लागून असलेल्या पलूस तालुक्यातील अंकलखोपचीही अशा गावासाठी निवड झाली. सहल न्यावी ती येथे, पण मुलांना घराघरांतून फिरवून आणू नये. प्रत्येकाने एकच घर निवडावे, एकच पुस्तक घ्यावे, दोन तास बसावे आणि एका परिच्छेदापाशी अडावे, एवढेच काम द्यावे.

अडणे हा शब्द मी मुद्दाम वापरला. वर्षअखेर मुलांची प्रगती कशी मोजावी, असे विचारले जाते, आणि कार्यालयाला काही नोंद लागतेच. जूनमध्ये दिलेलाच अर्ध्या पानाचा मजकूर एप्रिलमध्ये पुन्हा द्यावा आणि पेन्सिलीने एवढेच करायला सांगावे, की जेथे थांबावेसे वाटले तेथे खूण कर. जूनमध्ये बहुतेक कागद कोरे येतात किंवा अवघड शब्दाखाली रेघ असते. एप्रिलमध्ये खुणा साध्या शब्दांखाली दिसू लागतात, ‘पण’ या अव्ययाखाली, ‘पुन्हा’ या क्रियाविशेषणाखाली, परिच्छेदाच्या शेवटी जेथे लेखक काही न सांगता थांबला आहे तेथल्या रिकाम्या जागेत. ज्या वाचकाला आपण कोठे अडलो हे नेमके दाखवता येते, त्याची वाट अर्धी सरलेली असते. या खुणांना गुण देऊ नयेत, कागद मात्र जपून ठेवावेत.

आणखी एक वस्तू जपण्यासारखी आहे. वर्गाची एक शंकावही असावी, जाड पुठ्ठ्याची, सर्वांची मिळून एक. ज्या शंकेचे समाधान बैठकीत झाले नाही, ती तारीख घालून तिच्यात लिहावी, खाली जागा सोडावी, आणि पुढे केव्हा कोणाला उत्तर सापडले तर त्याने ते तेथे लिहून सही करावी. वर्ष संपले की वही कपाटात जाते, आणि जूनमध्ये नवी मुले येतात तेव्हा पहिल्या बैठकीत तीच त्यांच्या हाती द्यावी, म्हणजे मागच्यांनी काय विचारले आणि काय उरले, तेथून त्यांचे वाचन सुरू होते. माझ्याकडच्या वहीत मृगाच्या त्या वाक्याखाली तिन्ही उत्तरे नीट लिहिलेली आहेत, आणि त्यांच्याखाली, सहावीतल्या एका मुलाच्या अक्षरात, अजून जागा सोडून ठेवलेली एक शंका आहे: म्हाताऱ्याने मेंढ्या पुन्हा मोजल्या तेव्हा आकडा तोच आला होता का?